स्पोर्ट्स कारला फायबरचा बंपर किंवा बॉडी किट बसवताय? पैसे देण्याआधी हे वाचा

स्पोर्ट्स कार जमिनीला अगदी लागून असते. अंधेरी ते बोरिवली किंवा घाटकोपर ते मुलुंड जाताना एखादा उंच स्पीड ब्रेकर, सोसायटीच्या गेटचा उतार किंवा पावसाळ्यातला खड्डा लागला, की सगळ्यात आधी मार बसतो तो पुढच्या बंपरला. कंपनीचा नवा बंपर परदेशातून यायचा असेल तर खर्चही मोठा आणि वाटही बघावी लागते. अशा वेळी गॅरेजवाले हमखास सुचवतात, "फायबरचा टाकून घ्या."

हा सल्ला चुकीचा नाही. पण फायबरच्या पार्टची किंमत आणि तो गाडीवर बसेपर्यंत होणारा खर्च, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यात आरटीओ आणि विम्याचाही प्रश्न येतो.

फायबर म्हणजे नेमकं काय?

बोलताना आपण 'फायबर' म्हणतो, ते असतं फायबरग्लास. आधी साच्याला जेलकोटचा थर देतात. त्यावर काचेच्या बारीक तंतूंची मॅट अंथरतात आणि हार्डनर मिसळलेलं रेझिन ब्रशने किंवा रोलरने तिच्यात मुरवतात. असे थर सुकले की पार्ट साच्यातून बाहेर काढतात. यासाठी मोठी मशीन लागत नाही, त्यामुळे थोडेच नग बनवायचे असले तरी ते परवडतं.

गाड्यांसाठी हे काही नवीन नाही. १९५३ मध्ये आलेल्या अमेरिकेच्या शेव्हरोले कॉर्व्हेटची बॉडी फायबरग्लासची होती. भारतात १९८० च्या दशकात सिपानी डॉल्फिन ही छोटी गाडी फायबरच्या बॉडीसह विकली जायची. पुढे मुंबईचे दिलीप छाब्रिया यांच्या 'डीसी डिझाइन'मुळे गाडीचं रूपच पालटून घेण्याचा शौक देशभर पोहोचला.

कंपनीच्या बंपरपेक्षा वेगळं काय?

आजच्या बहुतेक गाड्यांचा मूळ बंपर पॉलिप्रॉपिलीन या लवचीक प्लास्टिकचा असतो. हलका धक्का बसला तर तो दबतो आणि बऱ्याचदा परत जागेवर येतो. फायबर हलका आणि कडक असतो, पण दबत नाही, तडकतो. त्याची जमेची बाजू म्हणजे तडा गेला तर मागून मॅट आणि रेझिन लावून तो जोडता येतो.

बंपर हे फक्त बाहेरचं कवच असतं. धक्का झेलण्याचं काम आतला फोम आणि धातूचा बीम करतात. नवा बंपर बसत नाही म्हणून कुणी हा फोम काढायला किंवा बीम कापायला सांगत असेल, तर तिथेच नाही म्हणा. पार्किंग सेन्सर आणि रडारची जागाही मूळ ठिकाणीच राहायला हवी.

खरा खर्च कुठे होतो?

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या-नव्या सुट्या भागांची दुकानं आहेत. अनेक जण बॉडी किट ऑनलाइनही मागवतात. ऑनलाइन मागवताना एक गोष्ट लक्षात ठेवा. बंपर वजनाला हलका असला तरी आकाराने मोठा असतो आणि कुरिअरचं भाडं बऱ्याचदा आकारावर ठरतं.

पार्ट हातात आल्यावर फिटिंगचा खर्च सुरू होतो. हाताने बनवलेल्या पार्टमध्ये भोकं, क्लिपच्या जागा आणि कडा तंतोतंत जुळतीलच असं नाही. कुठे घासावं लागतं, कुठे पुट्टी भरावी लागते. मग प्रायमर आणि रंग. म्हणून विकत घेण्याआधी डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडून फिटिंग आणि रंगाचा वेगळा अंदाज घ्या.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रंग लावण्याआधी ट्रायल फिटिंग करा. एकदा घासलेला किंवा रंगवलेला पार्ट दुकानदार सहसा परत घेत नाही.

पार्ट बघताना काय तपासाल?

- मागची बाजू: समोरून सगळेच पार्ट चकचकीत दिसतात. मागे कोरडी राहिलेली पांढरी मॅट, हवेचे फुगे किंवा रेझिनचे गोळे दिसले तर काम घाईत झालंय.
- जाडी: कडेपासून मधोमधपर्यंत ती साधारण सारखी हवी. बोल्ट लागतात तिथे जास्तीचे थर हवेत.
- वास आणि चिकटपणा: रसायनाचा उग्र वास येत असेल किंवा पृष्ठभाग चिकट लागत असेल, तर रेझिन नीट सुकलेलं नाही. असा पार्ट पेंट बूथच्या उष्णतेत वाकू शकतो.
- नंबर प्लेटची जागा: परदेशी किटमध्ये ही जागा तिथल्या प्लेटच्या मापाची असते. आपली लांब प्लेट ५०० बाय १२० मिलिमीटरची असते.
- नेमकं मॉडेल: गाडीचं वर्ष आणि फेसलिफ्टच्या आधीचं की नंतरचं, हे बिलावर लिहून घ्या.

आरटीओचा नियम काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. केरळमधल्या एका प्रकरणात जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे.

तुटलेल्या बंपरच्या जागी त्याच आकाराचा बंपर बसवणं ही दुरुस्ती झाली. गाडी रुंद करणारे फेंडर बसवणं किंवा बॉडीची मूळ रचनाच बदलणं म्हणजे अडचणीला आमंत्रण. शंका असेल तर आधी आपल्या आरटीओत विचारा. अंधेरीची एमएच-०२, बोरिवलीची एमएच-४७ आणि घाटकोपर-मुलुंडची गाडी एमएच-०३ मध्ये येते.

विम्याचं काय?

बाहेरून बसवलेल्या पार्टची माहिती विमा कंपनीला लेखी कळवा. न कळवलेल्या बदलामुळे क्लेम कमी होऊ शकतो किंवा नाकारलाही जाऊ शकतो. साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के, तर फायबरग्लासच्या भागांवर ३० टक्के घसारा कापला जातो. झिरो डेप्रिसिएशनचं कव्हर असेल तर हिशोब वेगळा.

फसवणूक झाली तर?

जीएसटीचं पक्कं बिल, चॅट आणि पार्सल उघडतानाचा व्हिडिओ जपून ठेवा. ई-कॉमर्स नियमांनुसार, सदोष किंवा जाहिरातीप्रमाणे नसलेला माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. तिथे काम झालं नाही, तर उपनगरातल्या ग्राहकांसाठी वांद्रे पूर्वेला जिल्हा ग्राहक आयोग आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते आणि खरेदी पाच लाखांपर्यंतची असेल तर त्यासाठी शुल्क नाही.