कोरड्या धातूंची अडखळ

* लेथची कॅरेज (हत्यार धरून सरकणारा भाग) 'धक्के खात सरकते', असे लेखक म्हणतात आणि दोष मोटरीला देतात. तसे असेलच असे नाही. डोळ्यांना गुळगुळीत दिसणारे धातूचे दोन पृष्ठभाग प्रत्यक्षात काही सूक्ष्म उंचवट्यांवरच एकमेकांना टेकलेले असतात. सगळा भार त्या इवल्याशा जागांवर येतो, तिथला धातू दबतो आणि मध्ये वंगण नसेल तर चक्क जोडला जातो. कॅरेज अशी अडकली तरी फीडचा स्क्रू फिरतच राहतो; मधले सगळे भाग स्प्रिंगसारखे ताणले जातात. ताण पुरेसा झाला की ते जोड तुटतात. सरकतानाचे घर्षण थांबलेल्या अवस्थेतल्या घर्षणापेक्षा कमी, म्हणून कॅरेज एकदम पुढे उसळते, ताण उतरतो आणि ती पुन्हा अडकते. थांबण्याचा वेळ वाढला की पकडही घट्ट होत जाते. त्यामुळे हा प्रकार मंद गतीत सर्वांत त्रासदायक. वेग पुरेसा वाढवला किंवा यंत्रणा अधिक ताठ केली तर धक्के नाहीसे होऊ शकतात.

बाउडन आणि लेबेन यांनी १९३९मध्ये केंब्रिजला या अडकण्या-घसरण्याचा बारकाईने अभ्यास केला. त्यांची युक्ती फार सुंदर होती: घासणारे दोन वेगळे धातू हेच तापमान मोजणारे थर्मोकपल. प्रत्येक घसरणीसरशी स्पर्शबिंदूंचे तापमान क्षणभर झपकन चढते, हे त्यांना त्यातून थेट टिपता आले. – संपा.