भार आला की धरणारी गाठ

अमेरिकेत धनुष्यबाणाने हरणं मारणाऱ्या शिकाऱ्यांमध्ये गेल्या काही वर्षांत 'सॅडल हंटिंग' चांगलंच फोफावलं आहे. धातूची वजनदार बैठक झाडावर वाहून न्यायची नाही. कमरेला आणि बुडाखाली पट्ट्यांची झोळी बांधायची, पंधरा-वीस फूट वर चढायचं, डोक्याच्या उंचीला खोडाभोवती दोर आवळायचा आणि त्या दोराला स्वतःला टांगून घ्यायचं. तोंड खोडाकडे, पाय वीतभर फळीवर. पांढऱ्या शेपटीचं हरीण ज्या अंगाने येईल, त्याच्या उलट अंगाला शिकारी खोडाभोवती सरकतो आणि खोडाचाच आडोसा करतो. मिशिगनचे जॉन एबरहार्ट १९८०च्या दशकापासून असंच शिकार करत आले, पण तेव्हा अशी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. आता तयार संच मिळतात. नवखा माणूस झोळी पटकन पसंत करतो आणि दोरापाशी येऊन अडतो. आठ मिलिमीटर घ्यावा की अकरा? नायलॉन की पॉलिएस्टर? गाठ की चिमटा?

याची उत्तरं त्या दोरावर बसणाऱ्या एका गाठीच्या कुळात सापडतात. गाठीचं नाव प्रुसिक. सह्याद्रीत रॅपलिंग केलेल्यांना ती परकी नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आपल्याकडे असली शिकार हा विषयच उरलेला नाही, पण कड्यावर उतरताना हात सुटला तर आधार म्हणून मुख्य दोराला बारीक दोरीचा जो लूप वेढतात, तो याच घराण्यातला.

आधी झाडावरचा संच पाहू. त्यात तीन दोर असतात. चढताना खोडाभोवती फिरवून कमरेच्या दोन्ही कड्यांत अडकवायचा तो लाइनमन दोर. तारांच्या खांबांवर काम करणाऱ्यांकडून तो नावासकट घेतलेला आहे. वर पोचल्यावर खोडाला आवळायचा तो टेदर. झोळीच्या उजव्या-डाव्या बाजूंना जोडणारा पोटासमोरचा आखूड दोर म्हणजे ब्रिज. टेदरवर बारीक दोरीची प्रुसिक बसते, प्रुसिकमध्ये कॅराबिनर ही उघडझाप होणारी धातूची कडी आणि कॅराबिनरमध्ये ब्रिज. म्हणजे माणसाचं सगळं वजन शेवटी त्या करंगळीहून बारीक लूपमधून जाड दोरावर जातं. मोटेला जसा ओझं उचलणारा जाड नाडा आणि सोंड सांभाळणारा बारीक दोर लागायचा, तशी ही जोडी आहे. दोघांपैकी एकट्याची निवड करताच येत नाही, आणि या गाठीचा सगळा इतिहास त्या जोडीचं पुन्हा पुन्हा बिनसण्याचा आणि पुन्हा जुळवण्याचा आहे.

प्रुसिकच्या आधीच्या काळात गिर्यारोहकांचा दोर म्हणजे मनिला किंवा भांगेच्या वाखाचा, पीळ घातलेला तीन पेडी दोर. १८६४मध्ये लंडनच्या अल्पाइन क्लबने समिती नेमून दोर ताणून, वजनं पाडून पाहिले आणि कोणते भरवशाचे ते सांगितलं. पुढच्याच वर्षी, १४ जुलै १८६५ला, मॅटरहॉर्नचं शिखर पहिल्यांदा सर करून सात जण उतरत होते. त्यांच्यातला हॅडो घसरला, त्याच्यासोबत क्रोझ, हडसन आणि लॉर्ड फ्रान्सिस डग्लस ओढले गेले. वाटाड्या थोरला टाउगवाल्डर आणि डग्लस यांच्यामधला दोर तुटला आणि चौघं गेले. त्या सातांपैकीच एक असलेल्या एडवर्ड व्हिम्परने नंतर लिहिलं, की तीन प्रकारचे दोर बरोबर असताना तिथे सगळ्यांत जुना आणि कच्चा दोर बांधला गेला होता. तो तुटका दोर आजही झर्मॅटच्या संग्रहालयात आहे. त्या दिवशी चांगला दोर नव्हता असं नाही; तो तिथे वापरला गेला नव्हता.

पण दोर पक्का असला तरी एक अडचण सुटत नव्हती. हिमनदीच्या भेगेत कोसळून लटकलेल्या माणसाने वर यायचं कसं? ओल्या दोराला धरून हातांच्या जोरावर चढणं थकलेल्या माणसाला जमत नाही. याचं उत्तर व्हिएन्नाच्या कार्ल प्रुसिकने दिलं. तो संगीतशिक्षक होता आणि गिर्यारोहक म्हणूनही मोठा. पहिल्या महायुद्धात वाद्यांच्या तुटलेल्या तारा जोडताना ही गाठ त्याला सुचली, असं सांगतात. १९३१मध्ये त्याने ती गिर्यारोहकांसमोर मांडली. बारीक दोरीचं कडं करायचं, ते मुख्य दोराभोवती स्वतःच्याच पोटातून दोन-तीनदा फिरवायचं आणि ओढायचं. कड्यावर भार आला की वेढे वाकतात, जाड दोराला चिमटतात, आणि घर्षणाने गाठ जागची हलत नाही. भार काढला की वेढे सैल पडतात आणि गाठ मुठीत धरून हवी तिथे सरकवता येते. अशी दोन कडी घेतली, एक कमरेला आणि एक पायाला, की आळीपाळीने एकावर वजन टाकत आणि दुसरं वर सरकवत माणूस दोरावर चढतो. काही सुळक्यांच्या माथ्यावरून दोर पलीकडे टाकायचा, तो बांधायचा आणि त्यावर प्रुसिक चढवत शिखर गाठायचं, असंही गिर्यारोहकांनी करून पाहिलं.

या गाठीची एक खूण नवख्याला फार उपयोगी पडते. ती दोन्ही बाजूंनी सारखी दिसते आणि भार वरून येवो की खालून, सारखीच धरते. चुकीची बांधली असेल तर एका नजरेत कळतं.

दोरांचं जग पालटलं ते दुसऱ्या महायुद्धात. २८ फेब्रुवारी १९३५ला ड्यू पाँटमध्ये वॉलेस कॅरदर्सच्या गटाने नायलॉन बनवलं होतं. १९४२मध्ये फिलिपीन्स जपानच्या ताब्यात गेल्यावर मनिलाचा पुरवठा आटला आणि अमेरिकी लष्कराने नायलॉनचे दोर वळायला घेतले. ते जास्त ताकदीचे होते, कुजत नव्हते आणि झटका बसला की ताणून तो पचवत होते. मग १९५३मध्ये जर्मनीच्या इस्नी गावातल्या एडेलरिडने पिळाचा दोरच सोडून दिला. आत सलग धाग्यांचा गाभा आणि बाहेर विणलेली खोळ, असा केर्नमँटल दोर त्यांनी आणला. गाभा भार घेतो, खोळ घर्षण आणि ओरखडे सोसते. आज झाडावर, कड्यावर किंवा गुहेत माणसाचं वजन घेणारे बहुतेक दोर याच बांधणीचे आहेत.

जोडी पहिल्यांदा बिनसली ती इथे. वाखाचा दोर खरबरीत, त्यावर दोन वेढ्यांची प्रुसिकही धरायची. गुळगुळीत खोळीवर ती घसरू लागली. वेढे तीन झाले, दोर ओला किंवा बर्फाळ असेल तर त्याहून जास्त. बारीक दोरीच्या जाडीचं गणितही तेव्हापासून महत्त्वाचं झालं: लूपची दोरी मुख्य दोराच्या साधारण ६० ते ८० टक्के जाडीची हवी. फार बारीक असेल तर इतकी आवळते की थंडीने आखडलेल्या बोटांनी सुटत नाही, शिवाय तिची स्वतःची ताकदही कमी. फार जाड असेल तर धरायलाच तयार होत नाही.

त्याच दशकात गाठीला प्रतिस्पर्धीही आला. स्वित्झर्लंडमध्ये गरुडांचा अभ्यास करणाऱ्या अडोल्फ यूसीला घरट्यांपर्यंत दोराने चढावं लागे. वाल्टर मार्टीने त्याच्यासाठी दोरावर एका दिशेने सरकणारा, उलट दिशेने चावणारा चिमटा बनवला. दोघांच्या आडनावांतून त्याचं नाव ठरलं जुमार आणि १९५८मध्ये तो बाजारात आला. आपल्या कड्यांवरचं 'जुमारिंग' ते हेच. शिकारीही अशीच छोटी उपकरणं टेदरवर लावतात. एका हाताने हलतात, लवकर सरकतात. पण चिमटा ठरावीक जाडीच्या दोरासाठीच बनलेला असतो, त्याचे दात खोळ खातात, आणि शांत रानात धातूवर धातू आपटल्याचा आवाज हरणाला लांबून कळतो. म्हणून बरेच जण पुन्हा गाठीकडे वळले.

यानंतर दोराचा ताण हाच प्रश्न झाला. कड्यावर पडणाऱ्याला झटका पचवणारा डायनॅमिक दोर हवा. दोरावरच तासन्‌तास लटकणाऱ्याला मात्र ताणणारा दोर नको. प्रत्येक हालचालीला तो रबरासारखा वर-खाली करतो. गुहांत उतरणाऱ्यांची हीच तक्रार होती. जॉर्जियातल्या डिक न्यूएलने १९६९मध्ये ब्लूवॉटर हा कमी ताणाचा दोर त्यांच्यासाठी काढला. आज असा दोर 'स्टॅटिक' म्हणून मिळतो. युरोपच्या ईएन १८९१ मानकात त्याच्या ए प्रकाराला किमान २२ किलोन्यूटन ताकद लागते आणि ५० वरून १५० किलोवर भार नेताना तो पाच टक्क्यांहून जास्त लांबता कामा नये. सॅडलचा टेदर याच जातीतला असतो.

या सोयीची किंमतही लक्षात ठेवायला हवी. न ताणणारा दोर झटका पचवत नाही, तो सगळा माणसाच्या कमरेत आणि गाठीत उतरतो. म्हणून टेदर कायम डोक्याच्या वर आणि ताठ ठेवायचा. दोर ढिला सोडून वर चढणं, त्याच्या पातळीच्या वर जाणं आणि मग पाय निसटणं, हा या संचातला सगळ्यांत वाईट प्रसंग.

कड्यावरून ही गाठ झाडावर आणली ती झाडं छाटणाऱ्या कारागिरांनी. ब्रिटनमध्ये ते प्रुसिकवरच काम करत. अमेरिकेत टॉटलाइन नावाची दुसरी गाठ चालायची, पण ती हळूहळू पुढे सरकत जाई. हाइन्झ प्रोहास्काने १९८१मध्ये मांडलेली एक गाठ जेसन ब्लेकने पुढे स्वतंत्रपणे शोधली, १९९४मध्ये कारागिरांपुढे ठेवली, आणि ती ब्लेकच्या नावानेच रूढ झाली. एका हाताने सरकवता येणाऱ्या आणखीही गाठी त्याच धंद्यात जन्मल्या. शिकाऱ्यांनी सॅडल उचललं तेव्हा त्यांना हे सगळं घराणं तयारच मिळालं.

सध्याची बिघडलेली जोडी नव्या तंतूंमुळे आहे. डायनीमासारखा पॉलिएथिलीनचा तंतू वजनाच्या मानाने विलक्षण ताकदवान, पाणी न पिणारा, म्हणून ब्रिजसाठी पसंतीचा. पण तो तुळतुळीत आहे. साधी गाठ त्यात सरकते, म्हणून टोक त्याच्याच पोटात ओवून शिवणीसारखं पक्कं करतात. शिवाय तो १५० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो. पॉलिएस्टर २५५ अंशांच्या आसपास वितळतं, नायलॉन प्रकारानुसार सुमारे २२० ते २६०. अरामिड तंतू तर वितळतच नाहीत, खूप वर गेल्यावर करपतात. म्हणून आठ मिलिमीटरच्या हलक्या टेदरची खोळ आणि त्यावरच्या प्रुसिकची दोरी बहुतेकदा त्यांची असते. त्यांचा दोष वेगळा: सतत वाकवल्याने आणि उन्हाने ते आतून थकतात आणि वरून ते दिसत नाही.

आता दुकानात उभ्या असलेल्या नवख्याकडे येऊ. पहिला संच अकरा मिलिमीटरच्या आसपासचा, पॉलिएस्टर खोळीचा स्टॅटिक दोर आणि त्यावर सात-आठ मिलिमीटरची प्रुसिक. पिशवीत तो जास्त जागा खातो, पण मुठीत नीट बसतो, खोडाच्या खरखरीत सालीवर लवकर फाटत नाही आणि गाठ सोडवताना चिडवत नाही. नायलॉन ओलं झालं की ताकद थोडी गमावतं आणि जास्त ताणतं, पॉलिएस्टरला पावसाने फारसा फरक पडत नाही. आठ मिलिमीटरचा हलका दोर हात बसल्यावर घ्यावा, आणि त्याच्यासोबत बनवणाऱ्याने सांगितलेलीच बारीक दोरी. छापील ताकदीवर विसंबताना इंग्रजी आठच्या आकाराच्या गाठीनेही दोराची साधारण पाव भाग ताकद जाते हे धरून चालावं. हार्डवेअरच्या दुकानातली जाडजूड रंगीत दोरी माणसाच्या वजनासाठी बनलेली नसते, मग ती कितीही दणकट दिसो.

घरी आल्यावर जमिनीपासून फूटभर उंचीवर टेदर बांधावा. लूपच्या दोरीची टोकं डबल फिशरमन गाठीने जोडावीत आणि टोकं बोटभर तरी बाहेर ठेवावीत. वेढे एकमेकांवर चढले असतील तर सोडून पुन्हा शेजारीशेजारी लावावेत, गाठ मुठीत दाबून बसवावी, मग हळूहळू वजन टाकावं. धरली तर उभं राहून भार काढावा आणि सरकते का पाहावं. दोन्ही गोष्टी कोरड्या दोरावर, मग ओल्या दोरावर, मग हातमोजे घालून करून पाहाव्यात. टेदरच्या मोकळ्या टोकाला अडवणारी जाड गाठ मारायला विसरू नये. प्रुसिक टोकावरून निघून जाऊ शकते.

आणि पुढे कधी टेदर बदलला, किंवा फक्त लूपची दोरी बदलली, तरी ही परीक्षा पहिल्यापासून घ्यावी. वाखाचा दोर गेला तेव्हा गिर्यारोहकांना वेढे वाढवावे लागले, पॉलिएथिलीन आलं तेव्हा टोकं ओवायला शिकावं लागलं. जोडीतला एक बदलला की दुसऱ्याने कालपर्यंत काय केलं याला अर्थ उरत नाही.