गिटला फाईलमधला बदल दिसत नाही? या 5 गोष्टी तपासा

प्रोजेक्ट जमा करायच्या आदल्या रात्री मी बरंच काम केलं, कमिट करून पुश केलं आणि जागा हवी म्हणून लॅपटॉपवरचं फोल्डर उडवलं. सकाळी मोबाईलवर रिपॉझिटरी उघडली तर बाकी फाईल्स नव्या, पण सेटिंगची फाईल जुनीच! दोन तासांचं काम गेलं. तुमचं तसं होऊ नये म्हणून हा लेख. (कमांड टाइप करताना इंग्रजी अक्षरं वापरा.)

1. फाईल सेव्ह केली का? फोल्डर तेच आहे का?
प्रोजेक्टच्या दोन कॉप्या असतील तर हमखास गोंधळ होतो. 'गिट रेव्ह-पार्स --शो-टॉपलेव्हल' दिल्यावर तुम्ही नेमक्या कोणत्या फोल्डरमध्ये आहात ते कळतं.

2. गिटइग्नोर
नवी फाईल 'गिट स्टेटस'मध्ये येतच नसेल तर 'गिट चेक-इग्नोर -व्ही' आणि पुढे फाईलचं नाव द्या. कोणत्या ओळीमुळे ती वगळली जातेय ते लगेच दिसेल. ती ओळ काढा.

3. लपलेली खूण
माझा घोटाळा इथेच होता. पासवर्ड चुकून कमिट होऊ नये म्हणून मी त्या फाईलला 'अश्यूम-अनचेंज्ड' ही खूण लावली होती आणि नंतर साफ विसरलो. ही खूण मुळात गिटचा वेग वाढवण्यासाठी आहे. ती लावली की गिट त्या फाईलकडे बघायचंच सोडून देतं. 'गिट एलएस-फाइल्स -व्ही' चालवा. नावापुढे लहान 'एच' असेल तर 'गिट अपडेट-इंडेक्स --नो-अश्यूम-अनचेंज्ड' आणि फाईलचं नाव द्या. मोठा 'एस' असेल तर त्याऐवजी '--नो-स्किप-वर्कट्री' वापरा.

4. फक्त अक्षर लहान-मोठं केलंय?
विंडोज आणि मॅकवर सहसा नावातली लहान-मोठी अक्षरं एकच धरली जातात, त्यामुळे असा नावबदल गिटला दिसत नाही. नाव 'गिट एमव्ही'ने बदला.

5. रिकामं फोल्डर
गिट फक्त फाईल्सची नोंद ठेवतं. फोल्डरमध्ये एखादी फाईल टाका.

शेवटचं सांगतो, पुश झालं म्हणजे सगळं वर गेलं असं धरून चालू नका. आधी रिपॉझिटरी ऑनलाइन उघडून महत्त्वाची फाईल डोळ्यांनी पहा, मगच फोल्डर डिलीट करा.