गाडीची प्रतिकृति : एका छंदाचा पूर्वेतिहास

मनुष्यानें पहिलें चाक कोणत्या दिवशीं केलें हें कोणासहि सांगतां येणार नाहीं. परंतु मोठें चाक साधल्यावर त्यानें लहान चाकहि केलें, एवढें उत्खननांत निघालेल्या वस्तूंवरून निःशंकपणें म्हणतां येतें. मोठी गाडी धान्य वाहते, माणसें वाहते, प्रसंगीं दारूगोळाहि वाहते. लहान गाडी यांपैकीं कांहींच वाहत नाहीं. असें असूनहि तिच्यासाठीं मनुष्यानें माती भाजली, तांबें ओतलें, लांकूड कोरलें आणि अलीकडे पितळेचा पत्रा कातरला. पोटाच्या उद्योगाशीं ज्याचा संबंध नाहीं असें काम तो इतक्या निष्ठेनें कां करीत आला, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकानें क्षुल्लक मानूं नये.

मोटारींच्या हुबेहूब प्रतिकृती, तयार सुटे भाग विकत न घेतां, पत्रा, लांकूड आणि तार यांतून मुळापासून घडविण्याचा एक छंद आज जगांत सर्वत्र आढळतो. हा छंद पाश्चात्त्य आहे अशी सामान्य समजूत आहे. त्याचीं हत्यारें व परिभाषा तिकडचीं आहेत हें खरें. परंतु त्याचें कूळ शोधावयाचें तर गोदावरीचें खोरें सोडून जाण्याचें कारण नाहीं.

छत्रपति संभाजीनगर म्हणजे पूर्वींचें औरंगाबाद. तेथून पैठणास जाणाऱ्या रस्त्यावर चितेगांव हें गांव लागतें. व्हिडिओकॉनच्या कारखान्यामुळें गेल्या शतकाच्या अखेरीस याचें नांव दूरवर पोंचलें. याच जिल्ह्यांत वाळूज येथें १९८५ पासून बजाजच्या दुचाक्या आणि शेंद्रा येथें २००१ पासून स्कोडाच्या मोटारी तयार होऊं लागल्या. थोडक्यांत, हा मुलूख आज वाहनें घडविणारा मुलूख आहे. हाच रस्ता पुढें पैठणास, म्हणजे सातवाहनांच्या प्रतिष्ठानास, जातो. पैठणच्या वरच्या बाजूस टोक्याजवळ प्रवरा गोदावरीस मिळते. आणि त्या प्रवरेच्या डाव्या तीरावर, श्रीरामपूर तालुक्यांत, दायमाबाद आहे. आपल्या विषयाचा पहिला मोठा पुरावा तेथें मिळतो.

दायमाबादच्या पांढरीचा शोध १९५८ मध्यें बी. पी. बोपर्डीकर यांनीं लाविला. पुढें १९७४ मध्यें तेथील एका भिल्ल शेतकऱ्यास जमीन खणतांना धातूच्या चार वस्तु सांपडल्या : एक रथ, एक रेडा, एक हत्ती व एक गेंडा. रथ सुमारें ४५ सेंटिमीटर लांब व १६ सेंटिमीटर रुंद असून त्यास दोन बैल जुंपलेले आहेत, आणि १६ सेंटिमीटर उंचीचा एक पुरुष त्यांत उभा राहून तो हांकीत आहे. रेडा व गेंडा हेहि चाकांवर उभे आहेत. हत्तीच्या चौथऱ्यास आस बसविण्याची सोय असून चाकें मात्र नाहींशीं झालेलीं आहेत. चारहि वस्तु भरीव ओतलेल्या असून त्यांचें एकत्र वजन साठ किलोहून अधिक भरतें. १९७५ ते १९७९ या काळांत एस. ए. साळी यांनीं या स्थळाचें विस्तृत उत्खनन केलें. म. के. ढवळीकर यांच्या मतें या वस्तु उत्तर-हडप्पा काळांतल्या, म्हणजे इ. स. पूर्व २००० च्या सुमाराच्या, असाव्यात, उलट डी. पी. अग्रवाल यांनीं धातूंतील सोमलाचें अधिक प्रमाण दाखवून इतक्या प्राचीनत्वाविषयीं शंका घेतली. काळाचा वाद कसाहि सुटो, एक गोष्ट वादातीत आहे. इतक्या जड वस्तु कोणाच्या मुलानें अंगणांत ओढलेल्या नाहींत. त्या मिरवणुकीसाठीं असोत वा पूजेसाठीं असोत, त्या मोठ्यांनीं मोठ्यांसाठीं केलेल्या आहेत. लहान गाडी म्हणजे पोरखेळ, हें समीकरण येथेंच खोटें ठरतें.

याहून जुन्या सिंधु-संस्कृतींत मातीच्या गाड्या विपुल आहेत. हडप्पा व मोहेंजोदारो येथें भाजलेल्या मातीचीं चाकें आणि गाड्यांचे सांगाडे मिळाले. चन्हुदारो येथें अर्नेस्ट मॅके यांनीं १९३५-३६ मध्यें केलेल्या उत्खननांत धातूच्याहि छोट्या गाड्या निघाल्या. येथें इतिहासाचा एक विनोद लक्षांत घेण्यासारखा आहे. ज्या खऱ्या लांकडी गाड्यांनीं त्या नगरांचा व्यापार चालविला त्या कुजून मातीस मिळाल्या. आणि ज्या मातीच्या होत्या त्या मात्र राहिल्या. त्या गाडीचें चाक भरीव होतें, साट्याच्या कडेला खुंट उभे करण्यासाठीं भोंकें असत, हें आपणांस खेळण्यांवरूनच कळतें. हडप्पा येथें जमिनींत उमटलेल्या चाकोऱ्यांमधील अंतर सुमारें साडेतीन फूट आढळलें, आणि तें अलीकडच्या सिंधी गाडीच्या चाकांमधील अंतराशीं जुळतें. चाकोरीनें रुंदी सांगितली, पण गाडीचें रूप खेळण्यानें सांगितलें. प्रतिकृति ही केवळ मूळ वस्तूची छाया नव्हे. कित्येकदां मूळ वस्तूची ती एकमेव साक्षीदार ठरते.

संस्कृत वाङ्मयांत तर एका खेळण्यावरून अख्ख्या नाटकाचें नांव पडलें आहे. शूद्रकाचें मृच्छकटिक देवलांच्या रूपांतरामुळें मराठी प्रेक्षकांच्या घरचें झालें. शेजाऱ्याच्या मुलाची सोन्याची गाडी पाहून चारुदत्ताचा पुत्र रोहसेन हट्ट धरतो. दासी रदनिका त्यास मातीची गाडी देते. तो रडूं लागतो, आणि वसंतसेना आपले अलंकार त्या मातीच्या गाडींत घालते. या प्रसंगांत टीकाकारांस गरिबी दिसली, औदार्य दिसलें, पुढील कथानकाचें बीजहि दिसलें. मला त्यांत आणखी एक गोष्ट दिसते. रोहसेनाला ती गाडी कोणी तरी आणून दिली होती; ती त्यानें स्वतः केलेली नव्हती. तयार मिळालेल्या वस्तूची किंमत तिच्या धातूवरून ठरते, आणि तेथें मातीचा पराभव ठरलेलाच. स्वतः घडविलेल्या वस्तूला हा नियम लागू पडत नाहीं.

याचा पडताळा मराठवाड्याच्या कोणत्याहि खेड्यांत पाहावयास मिळे. ज्वारीचीं धाटें सोलून मुलें गाभा व सालपटें वेगळीं करीत. सालपटांच्या काड्या गाभ्यांत टोंचून साटा, दांडी, जूं अशी सगळी गाडी उभी राही. बाभळीचा कांटा खिळ्याचें काम करी. पुढें डब्याचा पत्रा आला, झिजलेल्या रबरी चपलेचीं चाकें आलीं, आणि बैलगाडीच्या जागीं मालमोटार आली. पोळ्याला मातीचे बैल पूजिले जातात. विदर्भांत तान्ह्या पोळ्यास मुलें चाकांवरचे लांकडी बैल मिरवितात. कोंकणांत सावंतवाडीच्या चिताऱ्यांनीं लांकडी रंगीत खेळण्यांस कीर्ति मिळवून दिली. अशा रीतीनें हात तयार होते. परंतु या सर्वांत एका गोष्टीची उणीव होती, ती म्हणजे मापाची. खेळण्यांतला बैल गाडीहून मोठा झाला तरी मुलाचें अडत नाहीं. प्रतिकृतीचें अडतें.

खेळणें व प्रतिकृति यांमधील सीमारेषा म्हणजे प्रमाण. मूळ वस्तूचें प्रत्येक माप एकाच संख्येनें भागावयाचें, हा नियम दिसावयास सोपा, पण पाळावयास कठीण आहे. मोटारींच्या प्रतिकृतींत एकचोविसांश हें प्रमाण रूढ आहे. चार मीटर लांबीची मोटार या हिशेबानें सुमारें १७ सेंटिमीटरांची होते. परंतु लांबी २४ पटींनीं घटली तर पृष्ठभाग ५७६ पटींनीं आणि घनफळ १३,८२४ पटींनीं घटतें. हजार किलोची मोटार त्याच द्रव्यांची केली तर अवघी ७२ ग्रॅम भरेल. मोटारीचा एक मिलिमीटर जाडीचा पत्रा भागाकारानें ०.०४ मिलिमीटर होतो. साधा लिहिण्याचा कागदहि याच्या दुपटीहून जाड असतो. दाराभोंवतालची पांच मिलिमीटरांची फट ०.२ मिलिमीटरांवर येते, आणि रंगाचा एक जाड हात ती बुजवून टाकतो. आकार बदलला म्हणजे वस्तूचे गुणहि बदलतात, हा सिद्धांत गॅलिलिओनें १६३८ च्या आपल्या ग्रंथांत मांडला. प्रतिकृतिकार तो रोज बोटांनीं शिकतो. कोठें भागाकार पाळावयाचा आणि कोठें डोळ्याला खरें वाटावें म्हणून तो मोडावयाचा, हा विवेक हेंच त्याचें खरें कौशल्य होय.

या कौशल्यास अमेरिकेंत एका मोठ्या उद्योगानें आश्रय दिला. जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी विभागानें १९३० मध्यें किशोरवयीन मुलांसाठीं एक स्पर्धा सुरू केली. आरंभीं मुलांनीं नेपोलियनच्या राजरथाची प्रतिकृति स्वतःच्या हातानें करावयाची होती. १९३७ पासून स्वतः कल्पिलेल्या मोटारीची प्रतिकृति, बहुधा एकबारांश प्रमाणांत, स्वीकारली जाऊं लागली. विजेत्यांस महाविद्यालयीन शिक्षणासाठीं शिष्यवृत्त्या मिळत. ही स्पर्धा १९६८ पर्यंत चालली. १९४७ चा विजेता चार्ल्स जॉर्डन हा पुढें त्याच कंपनीच्या रचना-विभागाचा प्रमुख झाला. याच कंपनींत हार्ली अर्ल यानें १९२७ पासून नव्या मोटारीचा आकार आधीं चिकणमातींत घडवून पाहण्याची पद्धत रुजविली, आणि ती पुढें जगभर पसरली. म्हणजे पोलादी मोटारीच्याहि आधीं मातीची गाडी असते, हें शूद्रकास ऐकून मौज वाटली असती.

दुसरीकडे इंग्लंडांत मेकॅनो कंपनीनें १९३४ पासून डिंकी या नांवानें ओतीव धातूच्या मोटारी बाजारांत आणल्या, आणि रोहसेनाची सोन्याची गाडी चार आण्यांच्या हिशेबांत मध्यमवर्गीय घरांत आली. सांचांतून निघालेल्या या गाड्या सुबक खऱ्या. पण त्यांनीं घडविणाऱ्याचें रूपांतर जमविणाऱ्यांत केलें. तरीहि मुळापासून घडविणाऱ्यांची परंपरा तुटली नाहीं. ब्रिटिश कारागीर जेराल्ड विंग्रोव्ह यांनीं तिला व्यवसायाची प्रतिष्ठा दिली. आपल्याकडे पुण्यांत कोथरूड येथें भाऊ जोशी यांचें लघुरेल्वे-संग्रहालय १९९८ मध्यें सुरू झालें. एकसत्त्याऐंशींश प्रमाणांतील आगगाड्या, सिग्नल, पूल आणि रस्ते यांचा तो संसार पाहिला म्हणजे एका माणसाचा छंद सार्वजनिक विद्यादान कसें करूं शकतो तें कळतें.

कोणी म्हणेल, हा सर्व वेळ सत्कारणीं लागला काय? या आक्षेपास मी गंभीरपणें उत्तर देऊं इच्छितों. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ मध्यें प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापिली. कुर्ल्याच्या त्या कारखान्यांतून १९४७ पासून मोटारी निघूं लागल्या. तेथलीच पद्मिनी पुढें मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी झाली, आणि ऑक्टोबर २०२३ अखेर ती त्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. पद्मिनीचीं छायाचित्रें तरी असंख्य आहेत. बैलगाडीचें काय? छकडा, दमणी, रेंगी, खाचर, शिग्राम हीं नांवें आजच्या विद्यार्थ्यास केवळ कादंबऱ्यांतून भेटतात. तुंबा कोणता, आरे किती, एका पुठ्यांत दोन आरे कां बसवितात, लोखंडी धाव तापवून चढविल्यावर पाणी ओततांच ती आकसून सारें चाक कशी आंवळते, हें ज्ञान सुतार-लोहारांच्या हातांत होतें. तें कोणी कागदावर उतरविण्यापूर्वींच रबरी चाकांचे लोखंडी गाडे आले. संग्रहालयांत राजाचा रथ राहतो. कुणब्याच्या छकड्यास तेथें क्वचितच जागा मिळते. उद्यांच्या संशोधकास या गाड्यांचें ज्ञान कशावरून व्हावें? हडप्प्याच्या मुलांनीं आपल्यासाठीं मातीच्या गाड्या तरी ठेवल्या.

म्हणून माझी सूचना साधी आहे. ज्या जिल्ह्यांत दुचाक्या व मोटारी घडतात, ज्या जिल्ह्यांतील तरुण यंत्रशाळांत कांटेकोर मापें घेण्यास शिकतात, तेथील शाळा-महाविद्यालयांनीं गोठ्याच्या आडोशाला मोडून पडलेली एकेक गाडी शोधावी, जुन्या सुताराला शेजारीं बसवून तिचीं सर्व मापें व सर्व अवयवांचीं नांवें लिहून घ्यावींत, आणि एकदशांश प्रमाणांत तिची प्रतिकृति विद्यार्थ्यांकडून लांकूड-लोखंडांतच घडवून घ्यावी. यास मोठा निधि नको, मोठी इमारत नको. एक करवत, एक कानस, एक पट्टी आणि एक उन्हाळ्याची सुट्टी पुरे. अशा पंचवीस गाड्या एका कपाटांत उभ्या राहिल्या तर त्या कपाटांत एका प्रदेशाचा दळणवळणाचा इतिहास उभा राहील. मात्र जे सुतार हीं नांवें व मापें तोंडपाठ सांगूं शकतात ते आज वृद्ध झाले आहेत, आणि त्यांच्यासाठीं दहा वर्षें थांबणें परवडणारें नाहीं.