चोर कोण आणि राखणदार कोण?

बाजारातून नाहीसे झालेले मराठी चित्रपट, कथाकथनाच्या आणि लोकनाट्यांच्या रेकॉर्डी, आख्यानांच्या कॅसेटी ज्यांनी घरात जपल्या, एकमेकांना उतरवून दिल्या आणि आता संगणकावर चढवून ठेवल्या, त्या हौशी मंडळींविषयी आपल्या जाणत्या समाजाचे एक मत पक्के झाले आहे. ते मत त्यांच्या बाजूचे नाही. मुंबई-पुण्यात ते थोड्या सभ्य शब्दांत मांडले जाते, मराठवाड्यातल्या गेवराईसारख्या तालुक्याच्या गावी सरळ सांगितले जाते. दोन्हीकडे आशय एकच: हा नाद आहे, आणि तोही बेकायदा.

कोणतेही मत खोडण्याआधी ते त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडावे, ही आपल्याकडची जुनी रीत. म्हणून आधी पूर्वपक्ष.

त्याचे आक्षेप चार. पहिला: मालकाला न विचारता प्रत काढणे ही चोरी आहे आणि हेतू चांगला असला म्हणून चोरीचे दान होत नाही. दुसरा: जतन हे शास्त्र आहे. त्याला ठरावीक तापमान, कोरडी हवा आणि प्रशिक्षित हात लागतात. ते पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासारख्या संस्थेचे काम, माळ्यावरच्या ट्रंकेचे नव्हे. तिसरा: हौशी प्रती सदोष असतात. आवाज खरखरीत, चित्र पुसट, मधला भाग गाळलेला. अशी प्रत मूळ कलाकृतीवर अन्यायच करते. चौथा: जे खरोखर चांगले असते ते काळाच्या ओघात टिकतेच, आणि आता तर सगळे यूट्यूबवर आहे.

हे आक्षेप उथळ माणसांचे नाहीत. काहींमध्ये तथ्यही आहे. तरीही त्यांतून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. कसा, ते शेवटच्या आक्षेपापासून उलट क्रमाने पाहू, कारण सर्वांत सोपा तोच वाटतो.

चांगले ते टिकते? बाबूराव पेंटरांचा ‘सावकारी पाश’ १९२५ साली आला. नारायण हरी आपट्यांच्या कथेवरचा हा मूकपट सावकाराच्या विळख्यात जमीन गमावून शहरात मजुरी करायला निघालेल्या शेतकऱ्याचा. त्या शेतकऱ्याची भूमिका तरुण व्ही. शांतारामांनी केली होती. भारतीय चित्रपटाच्या इतिहासकारांनी त्याला मूकपटांच्या काळातल्या सर्वश्रेष्ठ कृतींत स्थान दिले आहे. आज तो कुठेही पाहता येत नाही. गेवराई हा ऊसतोड मजुरांचा तालुका. दिवाळी सरली की कुटुंबेच्या कुटुंबे मुकादमाची उचल अंगावर घेऊन कोयता उचलतात आणि दूरच्या कारखान्यांची वाट धरतात. शंभर वर्षांपूर्वी याच दुःखाची गोष्ट पडद्यावर आली होती, हे त्यांच्या मुलांना फक्त वाचायला मिळेल. तो चित्रपट वाईट होता म्हणून गेला काय? १९३१ चा ‘आलम आरा’, भारताचा पहिला बोलपट, वाईट होता म्हणून गेला काय? त्याची रिळे चांदी काढण्यासाठी विकली गेल्याचे निर्मात्याच्या मुलाकडून कळल्याची हकीकत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर यांनीच सांगितली आहे. भारतात तेराशेच्या वर मूकपट निघाले. हाती उरले तीसेक, तेही बहुतेक तुकड्यांत. काळ गुण पाहून निवड करीत नाही. आग, बुरशी आणि भंगारवाला यांना रसिकता नसते.

राहिले यूट्यूब. तिथल्या जुन्या दुर्मिळ ध्वनिफितींखाली चढवणाऱ्याचे नाव पाहावे. कितीतरी वेळा ते कोण्या चाहत्याचे असते. कोणीतरी घरची कॅसेट लावून, तार जोडून, रात्र घालवून ती उतरवलेली असते. म्हणजे ज्याला चोर म्हणायचे त्याच्याच कष्टाचा पुरावा देऊन त्याची गरज नाही असे म्हणायचे. हा युक्तिवाद स्वतःचेच पाय तोडतो. शिवाय एक खाते बंद झाले की त्यावरचे सारे एका क्षणात जाते. दुकानाच्या काचेत मांडलेली वस्तू म्हणजे जपलेली वस्तू नव्हे.

आता तिसरा आक्षेप, सदोष प्रतींचा. हा मराठी माणसाने घ्यावा याचे आश्चर्य वाटते. आपले प्राचीन वाङ्मय कोणत्या निर्दोष प्रतींतून आले? परंपरा सांगते की, ‘लीळाचरित्रा’ची मूळ पोथी धामधुमीच्या काळात नष्ट झाली आणि महानुभावांनी आठवणीतून ती पुन्हा सिद्ध केली. म्हणून तिचे वेगवेगळे पाठ झाले. नकलणारे पगारी तज्ज्ञ नव्हते. ते भक्त होते, आजच्या भाषेत चाहते. त्यांच्या प्रतींत फरक आहेत म्हणून मराठीतला आद्य गद्य ग्रंथ आपण टाकून दिला नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, ती बाराशेहून अधिक हस्तलिखिते गोळा करून आणि त्यांतली निवडक ताडून. त्यांतली एकही निर्दोष नव्हती. सदोष प्रती अनेक असल्या की त्यांतून शुद्ध पाठाकडे जाता येते. निर्दोष प्रतीची वाट पाहत एकही न ठेवली, तर कोणता पंडित काय ताडणार?

चित्रपटातही हेच घडले आहे. फ्रित्झ लँगचा १९२७ चा ‘मेट्रोपोलिस’ प्रदर्शनानंतर कापला गेला आणि कापलेला भाग कायमचा गेला असे मानले जात होते. २००८ साली ब्युनोस आयर्समध्ये त्याची जवळजवळ पूर्ण प्रत सापडली. ती होती १६ मिलिमीटरची, ओरखड्यांनी भरलेली, आणि तिचे मूळ एका खासगी संग्राहकाच्या प्रतीत होते. तिच्यावरून २०१० ची पुनर्रचना झाली. त्यात ते ओरखडे अजून दिसतात. ते पाहून प्रत फेकून द्यायला हवी होती असे कोणी म्हणाले नाही. आवाजाचे उदाहरण हवे असेल तर इंग्लंडमध्ये आहे. ‘डॉक्टर हू’ या मालिकेचे १९६० च्या दशकातले अनेक भाग बीबीसीने स्वतःच पुसले. त्या हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज आज उपलब्ध आहे, कारण काही प्रेक्षकांनी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून तो भरून घेतला होता. निर्मात्याने पुसले, प्रेक्षकाने राखले.

आवाजाच्या बाबतीत मराठवाड्याचे हित याहून जवळचे आहे. प्रा. लक्ष्मण देशपांडे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ एकट्याने करीत आणि त्यात बावन्न पात्रे उभी करीत. संहिता छापता येते. पण मराठवाडी बोलीचा हेल, वाक्य मध्येच तोडण्याची लकब, म्हातारीचा कंप, श्रोत्यांचा हशा ओसरेपर्यंत धरलेला दम हे छापता येत नाही. ते फितीवरच राहते. नामवंत कलावंताच्या फिती कोणीतरी सांभाळीलच. जत्रेतल्या फडाचे वग, गावोगावच्या कीर्तनकारांची आख्याने, छोट्या कंपन्यांनी एकदाच काढलेल्या आणि ट्रॅक्टरच्या टेपवर झिजेपर्यंत ऐकलेल्या कॅसेटी, यांना कोण विचारतो? त्या कंपन्यांतल्या कित्येक बंद पडल्या. ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डीची तर गत आणखी नाजूक. एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत, म्हणून लांब कथा किंवा नाटक अनेक तबकड्यांच्या संचात विभागावे लागे. लाखेची एक तबकडी फुटली की गोष्टीचा मधला दुवाच निखळला. तो दुवा दुसऱ्या एखाद्या घरातच सापडू शकतो.

दुसऱ्या आक्षेपाला उत्तर देण्याआधी एक मान्य करतो. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने केलेले काम थोर आहे आणि त्याला पर्याय नाही. पण ते संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ चा. मधली पन्नास वर्षे कोणी राखले? नायर फाळक्यांच्या कुटुंबीयांपर्यंत पोहोचले आणि त्यांच्याकडे राहिलेल्या तुकड्यांतून १९१९ चा ‘कालिया मर्दन’ जुळवला गेला. घरात काही उरले होते, म्हणून संस्थेला काही मिळाले. शिवाय संस्थाही अभेद्य नसते. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात आग लागली आणि जुन्या नायट्रेट फिल्मचा मोठा साठा जळून गेला. हा कोणावर ठपका नाही. नायट्रेटचा स्वभावच ज्वालाग्राही. पण यातून निघणारा धडा स्पष्ट आहे. एकाच ठिकाणी ठेवलेला वारसा एकाच दिवशी जाऊ शकतो.

आणि सरकारने कायद्याने हे काम कोणावर सोपवले आहे? १९५४ च्या कायद्यानुसार भारतात निघणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचे कॉनेमारा आणि दिल्लीचे सार्वजनिक ग्रंथालय यांना देणे प्रकाशकावर बंधनकारक आहे. चित्रपट, रेकॉर्ड, कॅसेट त्या कायद्यात नाहीत. म्हणजे गेवराईत छापलेली चोपडी देशाच्या चार दालनांत जायला हवी, पण गेवराईत भरलेली कॅसेट कुठेही जायला नको. ज्या कामासाठी संस्थेला कायद्याचा आधारच दिला नाही, ते संस्थेचेच काम आहे म्हणून चाहत्याला हाकलायचे, हा कोणता न्याय?

विद्येचा इतिहासही चाहत्याच्याच बाजूने बोलतो. गेवराई तालुक्यातल्या राक्षसभुवनला १७६३ साली मराठ्यांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला. अठराव्या शतकाचा हा इतिहास आपण ज्या कागदपत्रांतून वाचतो त्यांतले किती वाड्यावाड्यांतून, पेट्यांतून, रद्दीतून वाचवलेले आहेत! वि. का. राजवाडे कोणत्या सरकारी खात्याचे अधिकारी होते? १८९८ पासून त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापायला घेतली आणि बावीस खंड सिद्ध झाले, ते गावोगाव हिंडून. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० साली निघाले, ते त्यानंतर. आधी वेडा माणूस आला, मग संस्था आली. ध्वनिमुद्रिकांचेही तेच. १९९० साली मुंबईत रेकॉर्ड जमवणाऱ्यांनी सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स उभी केली आणि तिच्या ‘रेकॉर्ड न्यूज’ या नियतकालिकातून जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या याद्या आणि माहिती प्रसिद्ध होत गेली. त्या रेकॉर्डी काढणाऱ्या कंपन्यांनी हे काम का केले नाही, हा प्रश्न चोर म्हणणाऱ्यांनी स्वतःला विचारावा.

उरला पहिला आणि सर्वांत जड आक्षेप: चोरीचा. इथे भावनेपेक्षा कायदाच उघडून पाहू. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्रपट आणि ध्वनिमुद्रण यांचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षारंभापासून साठ वर्षे चालतो. अनंत मान्यांचा ‘सांगत्ये ऐका’ १९५९ चा. चित्रपट म्हणून त्याच्यावरचा हक्क २०१९ च्या अखेरीस संपला. कथा, गीते, संगीत यांचे हक्क वेगळे असू शकतात, ते पाहावेच लागते. पण ‘जुने म्हणजे कंपनीचेच’ ही समजूत कायद्यात नाही. खासगी वापर आणि संशोधन यांसाठी कलम ५२ मुभा देते. त्याच कलमात २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक तरतूद आली: व्यापारी हेतू नसलेल्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे एखाद्या कृतीची डिजिटल नसलेली प्रत आधीपासून असेल, तर जतनासाठी ते तिची डिजिटल प्रत ठेवू शकते. मालक पुनर्प्रकाशन नाकारून कृती लोकांपासून अडवून ठेवत असेल, तर परवाना मागण्याची वाट कलम ३१ ने ठेवली आहे. कर्ता हयात नसेल किंवा त्याचा ठावठिकाणा लागत नसेल आणि कृती अडून पडली असेल, तर कलम ३१ अ आहे. कायदा घडवणाऱ्यांनाही हक्क आणि लोप यांतला फरक कळत होता. टीकाकारांना तो का कळू नये?

चोरीने नुकसान कोणाचे होते, हाही प्रश्न आहे. बाजारात मिळणाऱ्या चित्रपटाच्या प्रती काढून विकणारा चोरच आहे. त्याची वकिली मी करणार नाही, आणि त्याला चाहता म्हणणे हा चाहत्यांचा अपमान आहे. पण जी वस्तू कोणी विकतच नाही, तिची विक्री कशी बुडेल? उलट उद्या मालकाने ती पुन्हा काढायची म्हटली, तर मूळ प्रत त्याला कुठे मिळेल? बहुधा त्याच ‘चोरा’च्या घरी.

तेव्हा वाद असायला हवा तो शिस्तीचा. प्रत काढताना रेकॉर्डचा क्रमांक, कंपनी, कलावंत, साल आणि तबकडीची बाजू यांची नोंद ठेवावी. आवाज ‘सुधारण्या’आधी जसा आहे तसा एक उतारा राखून ठेवावा. पैसे घेऊ नयेत. हक्कदाराने कृती पुन्हा बाजारात आणली, तर आपली प्रत सार्वजनिक ठिकाणाहून काढावी. आणि मूळ कॅसेट, मूळ तबकडी गावातल्या सार्वजनिक ग्रंथालयाला द्यावी, म्हणजे वर सांगितलेली तरतूद तिथे लागू होईल. गेवराईत हे उद्या सुरू करता येईल. त्यासाठी पुण्याची परवानगी लागत नाही. लागते ते एक कपाट, एक वही आणि एक जुना टेप.

दोन्ही पक्ष वाचकांपुढे आहेत. निकाल त्यांचा. फक्त आरोप करणाऱ्यांनी एवढे सिद्ध करावे की, चाहत्याने प्रत काढली म्हणून एखादी कृती जगातून नाहीशी झाली. तसे एकही उदाहरण ते देऊ शकणार नाहीत. कोणीच प्रत काढली नाही म्हणून नाहीशा झालेल्यांची यादी मात्र ‘सावकारी पाश’पासून सुरू करता येते, आणि ती अजून वाढते आहे.