डाव्या पायाच्या अंगठ्यापासून

परवा मावशीकडे गेले होते. दुपारची जेवणं झाली, मागचं आवरलं, आणि ती म्हणाली, "मी जरा माझं ते करून येते गं." आतल्या खोलीत जाऊन कॉटवर उताणी पडली. मोबाईलवर एक बाई अगदी संथ आवाजात सांगत होती... आता लक्ष डाव्या पायाच्या अंगठ्याकडे न्या. तिथे काय जाणवतंय ते फक्त पाहा. काही जाणवत नसेल तर तेही पाहा.

मावशीचं "ते" म्हणजे बॉडी स्कॅन. दुसऱ्यांदा केमो चालू होती तेव्हा एका समुपदेशक बाईंनी तिला शिकवलं. मी बाहेर सोफ्यावर बसून ऐकत होते आणि डोक्यात एक बारीकसा किडा वळवळायला लागला. डाव्याच पायाचा अंगठा का? हे आलं कुठून? गेले काही आठवडे त्याच मागावर आहे. जे हाती लागलं ते लिहून ठेवतेय.

सुरुवात मौनापासून करायला हवी. ध्यानातलं मौन नव्हे, लपवाछपवीचं. 1961 साली डोनाल्ड ओकेन या डॉक्टरांनी शिकागोतल्या एका रुग्णालयातल्या दोनशेच्या वर डॉक्टरांना विचारलं, की पेशंटला कॅन्सर आहे हे तुम्ही त्याला सांगता का? जवळजवळ 90 टक्के डॉक्टर म्हणाले, शक्यतो नाही सांगत. हाच प्रश्न 1979 साली पुन्हा विचारला गेला तेव्हा 97 टक्के म्हणाले, सांगतो. अठरा वर्षांत पूर्ण उलटापालट! आपल्याकडे ती अठरा वर्षं अजून पुरी व्हायची आहेत असं मला कधीकधी वाटतं. मावशीच्या पहिल्या ऑपरेशनच्या वेळी आमच्या घरात "ती गाठ" हाच शब्द होता. दारात उभं राहून कुजबुजणारे काका-मामा, आणि आत सगळं कळून चुकलेली मावशी. (आई हे वाचून रागावेल. पण खरं आहे ना गं?)

पेशंटला सांगितलंच जात नव्हतं, तोवर त्याच्या मनाचं काय होतं हे कोण विचारणार? तो प्रश्न लावून धरला जिमी हॉलंड या बाईंनी. पेशाने मानसोपचारतज्ज्ञ. 1977 पासून न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कॅन्सर सेंटरमध्ये त्यांनी पेशंटच्या मनाकडे पाहणारा विभाग उभा केला. सायको-ऑन्कॉलॉजी ही शाखा रुजली त्याचं बरंचसं श्रेय त्यांचं. त्यांच्या गटाचा एक शहाणपणा मला फार आवडला. "नैराश्य", "मानसिक आजार" असे शब्द ऐकले की पेशंट बिचकतात, म्हणून त्यांनी "डिस्ट्रेस" हा साधा शब्द वापरायचं ठरवलं. आपल्या भाषेत म्हणायचं तर जिवाची घालमेल. आणि ती मोजायला चक्क थर्मामीटर काढला! कागदावर छापलेला, शून्य ते दहा. गेल्या आठवड्यात किती घालमेल झाली, तिथे खूण करा. 1998 साली प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशंटांवर तो वापरून पाहिला गेला आणि पुढे जगभर पसरला.

पण दुसरीकडे, जवळपास त्याच काळात, एक वेगळंच वारं सुटलं होतं. मनाच्या जोरावर कॅन्सर बरा करायचं.

1978 साली अमेरिकेत "गेटिंग वेल अगेन" नावाचं पुस्तक आलं. लेखकांत कार्ल सायमंटन हे कॅन्सरचेच डॉक्टर आणि त्यांची पत्नी. डोळे मिटा आणि आपल्या पांढऱ्या पेशी कॅन्सरच्या पेशींवर तुटून पडताहेत असं चित्र मनापुढे आणा, अशी त्यांची पद्धत. गंमत म्हणजे त्याच 1978 साली सुझन सॉन्टॅगचं "इलनेस ॲज मेटाफर" आलं. सॉन्टॅग स्वतः स्तनाच्या कॅन्सरमधून गेलेली. तिचं म्हणणं नेमकं उलट होतं. आजार हा आजार आहे, स्वभावाचा दोष नव्हे, आणि तो मनाच्या माथी मारला की आजारी माणसालाच गुन्हेगार ठरवल्यासारखं होतं. एकाच वर्षी दोन पुस्तकं, एकमेकांकडे पाठ करून उभी.

मग 1989 साली डेव्हिड स्पीगल यांचा निबंध आला आणि खळबळ उडाली. स्टॅनफर्डचे हे डॉक्टर. पसरलेल्या स्तनकॅन्सरच्या 86 स्त्रिया त्यांच्या अभ्यासात होत्या. त्यातल्या काही जणी वर्षभर दर आठवड्याला एकत्र बसून मोकळेपणी बोलायच्या, शिवाय वेदनेसाठी स्वसंमोहन शिकायच्या. मनाच्या बळावर कॅन्सर हटवण्याचे दावे खोटे पडतील अशा अपेक्षेनेच स्पीगल यांनी त्या स्त्रियांच्या आयुर्मानाचे आकडे काढले, आणि स्वतःच चाट पडले. गटात बसणाऱ्या सरासरी 36.6 महिने जगल्या, बाकीच्या 18.9.

दुप्पट! अशी बातमी किती वेगाने पसरते ते वेगळं सांगायला नको. "विल पॉवर" हा शब्द आपल्या दिवाणखान्यांत आला तो अशाच वाऱ्यांवरून. पण पुढचं फारसं कुणी सांगत नाही. 2001 साली कॅनडात 235 स्त्रियांवर तोच प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला आणि आयुष्य काही वाढलं नाही. 17.9 महिने आणि 17.6 महिने, म्हणजे सारखंच. 2007 साली खुद्द स्पीगल यांनीच पुन्हा करून पाहिलं, तेव्हाही एकंदरीत आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही, आणि त्यांनी ते प्रामाणिकपणे छापलं. (या माणसाबद्दल माझा आदर इथे वाढला.) मात्र कॅनडातल्या त्या स्त्रियांची वेदना कमी झाली होती, मनही हलकं झालं होतं. ज्यांची घालमेल मुळात जास्त होती, त्यांना फायदाही जास्त.

हे सगळं मी इतकं लांबण लावून का सांगतेय? मावशीचा आजार उलटला तेव्हा ती मला काय म्हणाली ते अजून कानात आहे. "मीच कुठेतरी कमी पडले गं. सगळे सांगत होते पॉझिटिव्ह राहा, मला रात्री रडू यायचं." आठ सलाइनं, झडलेले केस, तोंडात फोड, आणि वर ही अपराधाची भावना! ती आम्हीच तिला भेट दिली होती, पेढ्यांच्या पुड्यासारखी, भेटायला येताना. मी पण त्यात होते. हॉलंडबाईंच्या 2000 सालच्या पुस्तकात एक अख्खं प्रकरण याच विषयावर आहे, सकारात्मक विचारांची जुलूमशाही. ते मी तेव्हा वाचलं असतं तर निदान माझी एक तरी जीभ आवरली असती.

असो. आता अंगठ्याकडे येऊ. त्यासाठी ब्रह्मदेशात जावं लागेल.

विपश्यना भिक्षूंच्या विहारातून बाहेर काढून घरसंसारी लोकांना शिकवण्याची चळवळ तिथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून जोर धरू लागली होती. लेडी सयाडो (नावावर जाऊ नका, हे पुरुष भिक्षू, 1846 ते 1923) यांनी ती वाट रुंद केली. त्यांचा एक शिष्य सया तेजी हा शेतकरी, आणि सया तेजींचे शिष्य यू बा खिन. हे 1948 साली स्वतंत्र ब्रह्मदेशाचे महालेखापाल झाले. म्हणजे दिवसभर सरकारचे हिशेब, आणि उरलेल्या वेळात कचेरीतल्या लोकांना ध्यान.

1955 साली त्यांच्याकडे मंडालेत जन्मलेला एक मारवाडी व्यापारी आला. सत्यनारायण गोयंका. त्यांना भयंकर अर्धशिशी होती, इतकी की मॉर्फिनची इंजेक्शनं घ्यावी लागत. आता मॉर्फिनचंच व्यसन लागेल अशी भीती. युरोप, अमेरिका, जपानपर्यंत डॉक्टर करून झाले होते. ते यू बा खिन यांना म्हणाले, माझी डोकेदुखी घालवा. आणि यू बा खिन यांनी त्यांना शिबिरात घ्यायला आधी नकारच दिला! डोकेदुखीसाठी येणार असाल तर येऊ नका, हा त्यांचा पवित्रा. दुःखातून मन सोडवायला या. मग डोकेदुखी गेली तर गेली, ते सोबत मिळालेलं समजा.

मला हा प्रसंग वाचून थांबावंसंच वाटलं. सायमंटन-स्पीगलच्या सगळ्या गोंधळाचं उत्तर या हिशेबनीस माणसाने त्यांच्या कितीतरी आधी देऊन ठेवलं होतं.

गोयंका 1969 साली भारतात आले. पहिलं शिबिर मुंबईत झालं, आणि 1976 पासून इगतपुरीला केंद्र उभं राहिलं. आपल्यापैकी निम्म्यांच्या ओळखीत कुणीतरी दहा दिवस तोंड बंद ठेवून आलेलं असतंच :-) त्याच सुमारास बोधगयेला अमेरिकन तरुणांची वर्दळ होती. त्यातल्या जोसेफ गोल्डस्टाइन, शॅरन साल्झबर्ग या मंडळींनी इथे गोयंकांकडे आणि अनागारिक मुनींद्र यांच्याकडे धडे घेतले, आणि परत जाऊन मॅसॅच्युसेट्समधल्या बॅरी गावी ध्यानकेंद्र काढलं.

त्या केंद्रात 1979 साली एका शिबिराला जॉन कबाट-झिन बसले होते. एमआयटीमधून आण्विक जीवशास्त्रात डॉक्टरेट, झेनचीही साधना केलेली, आणि नोकरी जवळच्याच वूस्टर गावातल्या मेडिकल कॉलेजात. तिथे बसल्याबसल्या त्यांना सुचलं, हे रुग्णालयात का नेऊ नये? ज्यांचं दुखणं बरं होत नाही, ज्यांना डॉक्टर म्हणतात "आता याच्यासोबत जगायला शिका", ते कसं शिकायचं हे कुणीतरी शिकवायला नको का?

त्याच वर्षी वर्ग सुरू झाला. आठवड्यातून एकदा, आणि घरी रोज पाऊण तासाचा अभ्यास. बुद्धाचं नाव नाही, अगरबत्ती नाही. पाली "सति" या शब्दाला ऱ्हीस डेव्हिड्स या अभ्यासकाने 1881 साली "माइंडफुलनेस" हा प्रतिशब्द योजला होता, तोच घेतला. (सति म्हणजे आपली स्मृती. आठवण या अर्थाने नव्हे, भान राहणं या अर्थाने.) आणि यू बा खिन यांच्या परंपरेतलं शरीरभर लक्ष फिरवणं घेऊन त्याचा बॉडी स्कॅन केला. पेशंटना तासन्‌तास मांडी घालून बसवणार कसं? म्हणून आडवं झोपवलं. गोयंकांच्या शिबिरात लक्ष टाळूपासून सुरू होतं, इथे डाव्या पायाच्या बोटांपासून. समुद्र ओलांडताना विपश्यना खाली डोकं वर पाय झाली म्हणायची!

1982 साली त्यांनी जुनाट वेदनेच्या 51 पेशंटांचा अनुभव छापला. 1990 साली पुस्तक आलं, "फुल कटॅस्ट्रोफी लिव्हिंग". नाव झोर्बा द ग्रीकमधल्या झोर्बाच्या तोंडच्या शब्दांवरून. मराठीत "सगळा रामरगाडा" म्हणता येईल.

कॅन्सरच्या पेशंटांपर्यंत हे पद्धतशीरपणे पोचवलं कॅनडातल्या कॅलगरी शहराने. मायकेल स्पेका, लिंडा कार्लसन आणि सहकाऱ्यांनी 2000 साली आपला अभ्यास छापला. वेगवेगळ्या कॅन्सरचे, वेगवेगळ्या टप्प्यांवरचे 90 पेशंट. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट, एकाला वर्ग आधी, दुसऱ्याला नंतर. सात आठवडे, दर वेळी दीड तास. ज्यांचा वर्ग आधी झाला त्यांच्या मनाची अस्वस्थता 65 टक्क्यांनी उतरली, ताणाची लक्षणं 31 टक्क्यांनी.

65 हा आकडा पाहून मी हुरळले होते, कबूल करते. पण दुसरा गट तोवर नुसता वाट पाहत होता. कुणीतरी आठवड्यातून एकदा आपुलकीने विचारपूस केली तरी बरं वाटतंच की! ही शंका त्यांनाही असणार. 2013 साली कार्लसनच्या गटाने स्तनकॅन्सरमधून बाहेर पडलेल्या, पण मनाने त्रासलेल्या 271 स्त्रियांवर माइंडफुलनेस आणि स्पीगल यांच्या धर्तीचं गटात बोलणं यांची थेट तुलना केली. ताण कमी करण्यात माइंडफुलनेस सरस ठरलं.

तरीही 2019 साली कॉक्रेन या संस्थेने स्तनकॅन्सरवरचे सगळे चांगले अभ्यास एकत्र तपासले तेव्हा चित्र जरा नेमस्त निघालं. चिंता आणि खिन्नता थोडी कमी होते, झोप थोडी सुधारते, आणि दोनेक वर्षांनी फारसा फरक उरत नाही. 2023 साली अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेने, आस्कोने, उपचार चालू असताना आणि नंतरही चिंता-नैराश्यासाठी माइंडफुलनेसची शिफारस केली. गाठ विरघळेल असा दावा त्यात कुठेही नाही.

"थोडी" हा शब्द बऱ्याच जणांना निराश करेल. मला नाही केलं. रात्री दोन वाजता पुढच्या स्कॅनच्या विचाराने छातीत धडधडतंय अशा बाईला "थोडी" म्हणजे किती, हे बाहेरच्याने ठरवू नये.

मावशी अर्ध्या तासाने बाहेर आली, डोळे चोळत. मी विचारलं, झालं का गं पूर्ण?

"छे," म्हणाली, "गुडघ्यापर्यंत पोचले. मग झोप लागली." आणि चहाचं आधण ठेवायला गेली.