अमेरिकेतला छोटा ट्रॅक्टर आणि महाग पिकअप

अमेरिकेतल्या छोट्या शेतकऱ्याला परवडणारा ट्रॅक्टर प्रथम फोर्डने दिला. १९३९ च्या ९एन मॉडेलला हॅरी फर्ग्युसन यांचे हायड्रॉलिक थ्री पॉइंट लिंकेज होते. नांगर किंवा कल्टिव्हेटर ट्रॅक्टरचाच भाग होऊन उचलला जाई. १९४७ ते १९५२ या काळात निघालेल्या पुढच्या ८एन मॉडेलची संख्या पाच लाखांवर गेली. चार सिलिंडरचे साधे पेट्रोल इंजिन, हाताशी येणारे सुटे भाग. ऑइल बदलणे, ग्रीसिंग, प्लग साफ करणे ही कामे मालक अंगणातच उरकत असे. त्यातले कित्येक ट्रॅक्टर आजही चालतात, ही त्या रचनेची खरी थोरवी.

पुढे शेते वाढली, तसे अमेरिकी कारखाने मोठ्या यंत्रांकडे वळले. ती पोकळी जपानने भरली. जमिनीचे फेरवाटप करणाऱ्या भूसुधारणेनंतरही तिथली शेते लहानच होती, त्यामुळे लहान डिझेल ट्रॅक्टर ही तिथली रोजची गरज होती. कुबोटाने १९६९ मध्ये २१ अश्वशक्तीचा एल२०० अमेरिकेत आणला. नंतर जॉन डिअरनेही आपले ८५० आणि ९५० हे छोटे ट्रॅक्टर जपानच्या यानमारकडून बनवून घेतले. डिझेलबरोबर देखभालीची शिस्तही आली: फिल्टर वेळेवर बदलणे, इंधननळीतली हवा काढणे.

ट्रॅक्टर ओढून न्यायला लागणाऱ्या पिकअप ट्रकचे मात्र उलटे झाले. युरोपने अमेरिकी कोंबड्यांवर जकात वाढवली, तेव्हा अमेरिकेने १९६४ पासून आयात हलक्या ट्रकवर २५ टक्के कर बसवला. शेतीच्या ट्रॅक्टरला असा अडसर नव्हता. भांडण कोंबड्यांचे, पण स्वस्त परदेशी पिकअपची वाट अडली आणि किमतीवरचा स्पर्धेचा दाब कमी झाला.